मॅटर्निटी लीव्ह संपत आलीय? जॉइन व्हायच्या आधी हे उरकून घ्या

हे मुंबई-पुण्याकडच्या प्रायव्हेट नोकरीवाल्या आयांसाठी लिहितेय, ज्यांची रजा संपत आलीय किंवा सुरू व्हायचीय, ज्यांना पुढे प्रमोशनही हवंय आणि घरी पोचल्यावर बाळ जागं असायलाही हवंय, आणि ज्यांना येणारा-जाणारा प्रत्येकजण "बघ बाई, झेपेल का तुला" असं विचारून जातो. झेपतं. पण जॉइन व्हायच्या आधीच्या दोन महिन्यांत बाकीच्यांच्या अंगावर त्यांची त्यांची कामं नीट टाकली तरच झेपतं, नाहीतर पाचला उठून कितीही रंगीत पेननी टाइमटेबल आखा, त्यातले सगळे चौकोन तुमच्याच नावाचे निघतात. त्यामुळे टाइम मॅनेजमेंटच्या टिप्स इथे मिळणार नाहीत, आधीच सांगते.

रजा कधीपासून घ्यायची

ज्यांची डिलिव्हरी अजून व्हायचीय त्यांनी हे नीट वाचा. पहिल्या दोन मुलांपर्यंत २६ आठवड्यांची पगारी रजा मिळते, मातृत्व लाभ कायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीपासून (त्याआधी १२ होते आणि आम्ही त्यातच भागवलं हे घरातली कोणीतरी सांगतेच). आधीची दोन मुलं असतील तर आताही १२ च. ह्या २६ पैकी जास्तीत जास्त ८ आठवडे डिलिव्हरीच्या आधी घेता येतात आणि बऱ्याचजणी इथेच गंडतात, सातव्या महिन्यात डोहाळजेवण झालं की बॅग भरून माहेरी आणि रजा सुरू. मग बाळाच्या वाट्याला उरतात १८ आठवडे, म्हणजे जेमतेम सव्वाचार महिने, आणि त्या वयाचं बाळ फक्त दुधावर असतं. तब्येत बरी असेल, डॉक्टर हो म्हणत असतील, आणि शेवटचा महिना घरून काम करायला मिळालं तर रजा ड्यू डेटच्या दोन आठवडे आधी सुरू करा, म्हणजे बाळ साडेपाच महिन्यांचं होईपर्यंत तुम्ही घरी. वर थोडी अर्न्ड लीव्ह जोडली की जॉइन व्हायच्या वेळी बाळ पेज-वरणापर्यंत पोचलेलं असतं, आणि ह्या दीड महिन्याच्या फरकानी पुढचं सगळंच सोपं होतं.

अट एवढीच की ड्यू डेटच्या आधीच्या १२ महिन्यांत त्या नोकरीत किमान ८० दिवस काम झालेलं हवं. एजन्सीमार्फत लागलेल्यांनाही हा हक्क आहे, "तू तर कॉन्ट्रॅक्टवर" असं म्हणून कोणी उडवून लावत असेल तर ऐकून घेऊ नका. पगारातून ईएसआयसी (कर्मचाऱ्यांचा सरकारी विमा) कापली जात असेल तर पैसे कंपनीऐवजी तिकडून येतात आणि त्याचे कागद वेगळे, ते आधीच विचारून ठेवा. बाळ वेळेआधी आलं किंवा बाळंतपणातून काही दुखणं निघालं तर वर महिनाभर पगारी रजा मिळते, हे फार जणींना माहीतच नसतं. १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यातल्या ह्या तरतुदी आता सामाजिक सुरक्षा संहितेत गेल्यात, तेव्हा एचआरमधून "तो कायदा आता बदलला" असं उत्तर आलं तरी २६ आठवडे तसेच आहेत.

(सरकारी नोकरीवाल्यांचं गणित वेगळं. राज्य सरकारी आयांना मूल १८ वर्षांचं होईपर्यंत एकूण १८० दिवसांची बालसंगोपन रजा आहे, केंद्रात तर ७३० दिवस. त्यांनी थेट पाळणाघराच्या भागावर जावं.)

माहेरून वेळेत परत या

हे कुठल्याच गाइडमधे लिहिलेलं नसतं कारण ती लिहिणाऱ्यांकडे बाळंतपणाला माहेरी जायची पद्धतच नसते. आपल्याकडे बाळ चार-पाच महिने आजोळी, आई पण मस्त तिकडेच, आणि मग जॉइनिंगच्या आदल्या आठवड्यात घाईघाईनी सासरी किंवा आपल्या फ्लॅटवर. विचार करा, बाळाचं घर बदललं, माणसं बदलली, त्यातच पाळणाघर सुरू आणि आई दिवसभर गायब, सगळं एकाच आठवड्यात. ते रडणार नाही तर काय करणार. किमान सहा आठवडे आधी आपल्या घरी या.

आणि ह्यात बाळापेक्षा मोठा मुद्दा बाबाचा आहे. बाळंतपण माहेरी झालं की बाबा शनिवारी येतो, बाळाला घेऊन फोटो काढतो, जेवतो, रविवारी संध्याकाळी परत जातो. त्याला शी-शू कळत नाही, कुठलं रडणं भुकेचं आणि कुठलं झोपेचं ते कळत नाही, आणि त्याचा दोषही नाही कारण त्याला बाळ मिळालंच कधी हातात. तुम्ही पाच महिन्यांत जे शिकलात ते त्याला शिकायला सहा आठवडे लागतीलच, आणि ते तुम्ही घरात असताना शिकायला हवं. पहिल्या आठवड्यापासून संध्याकाळी तो आला की दोन तास बाळ त्याच्याकडे, तुम्ही दुसऱ्या खोलीत किंवा खरंतर घराबाहेरच, कारण घरात असलात की पाचव्या मिनिटाला "अगं, हा रडतोय" येतंच.

बाबाला पूर्ण खातं द्या

"जरा डायपर बदल", "जरा दूध कोमट कर" अशी सुटी कामं देऊन काही होत नाही. काम तो करतो पण लक्षात ठेवायचं, सांगायचं आणि झालं का ते बघायचं हे तिन्ही तुमच्याच डोक्यात. म्हणून खातं द्यायचं आणि सगळंच्या सगळं द्यायचं. उदाहरणार्थ लसीकरण. ६, १०, १४ आठवड्यांच्या लसी तुम्ही माहेरी असताना होऊन जातात, पण पुढे ९ महिन्यांची गोवर-रुबेलाची आहे, मग दीड वर्षाच्या आसपासचे बूस्टर आहेत, डॉक्टर मधल्या काही वेगळ्या सुचवतात. तारखा, डॉक्टरची अपॉइंटमेंट, ती पिवळी-निळी जी काय फाइल असेल ती, त्या दिवशीची सुट्टी, रात्रीचा ताप, सगळं त्याचं. तुम्ही आठवण करायची नाही. एखादी लस आठवडाभर उशिरा झाली तरी चालतं हो, पण तुम्ही आठवण केली की खातं परत तुमच्याकडे आलंच म्हणून समजा.

तसंच पाळणाघराचं. फॉर्मवर इमर्जन्सी नंबर लिहायचा असतो तिथे पहिला नंबर बाबाचा टाका. ही एवढीशी गोष्ट मी भेटेल तिला सांगते. ज्याचा नंबर वर, त्यालाच "ताप वाटतोय, घेऊन जा" हा फोन जातो, मीटिंगमधून त्यालाच उठावं लागतं, आणि त्याच्या ऑफिसला पण कळतं की ह्या माणसाला मूल आहे. प्रायव्हेटमधे बापाला पितृत्व रजा द्यायचा कायदा आपल्याकडे नाही, कंपनीनी दिली तर दिली, पण त्याच्याकडे सीएल-एसएल असतातच ना. सुरुवातीलाच ठरवा, आजारपणाचा पहिला दिवस एकाचा, दुसरा दुसऱ्याचा, आणि पुढच्या आजारपणाला क्रम उलटा. तोंडी नको, दोघांच्या फोनच्या कॅलेंडरवर टाका.

सासूबाई म्हणतील "आमच्या वेळी नव्हतं बाई असं". नसेल. हसून सोडून द्या, पण फॉर्म बदलू नका.

बाळ कुठे ठेवायचं

तीन पर्याय असतात, आजी, घरी येणारी बाई, नाहीतर पाळणाघर. आणि बहुतेक घरांत शेवटी ह्यांचं मिश्रण होतं.

आजीबद्दल आधी. आई असो किंवा सासूबाई, गृहीत धरू नका, समोर बसून विचारा. पासष्टीच्या बाईला दहा तास रांगणाऱ्या मुलामागे पळवणं हे प्रेम-बिम ठीक आहे पण गुडघ्यांना कळत नाही. तिची भजनी मंडळं असतात, भिशी असते, दुपारची झोप असते. माझ्या पाहण्यात सगळ्यात टिकलेली व्यवस्था म्हणजे आजी देखरेखीला आणि उचलाउचलीला एक ताई दिवसभर, किंवा अर्धा दिवस पाळणाघर आणि दुपारनंतर आजी. आणि आजीला महिन्यातून हक्काच्या सुट्ट्या द्या, तेव्हा बाळ बाबाकडे. तिच्या पद्धतीवर रोज वाद घालू नका, दोनच नियम धरा, समजा वर्षाच्या आत मध-साखर-मीठ नाही आणि जेवताना मोबाइल नाही, बाकी काजळ-तीट, टाळू भरणं वगैरेत डॉक्टरनी मुद्दाम नाही म्हटलेलं तेवढंच टाळा आणि उरलेलं सोडा.

पाळणाघर घराजवळ की ऑफिसजवळ? घराजवळ, शक्यतो स्टेशनच्या किंवा बसस्टॉपच्या वाटेवर. सकाळी ८.२० च्या लोकलमधे बाळ घेऊन चढणं हा विषयच नाही. आणि ऑफिसजवळ ठेवलं की ने-आण आपोआप तुमचीच होते, बाबा त्यातून सुटतो. अपवाद फक्त ऑफिसच्या आवारातच पाळणाघर असेल तर, त्याबद्दल पुढे लिहिलंय.

बघायला जाल तेव्हा सकाळी ११ ला फोन करून जाऊ नका, तेव्हा सगळीकडेच छान असतं. दुपारी साडेचार-पाचला जा, न सांगता. मुलं झोपून उठलेली असतात, काही रडत असतात, काकू पण दमलेल्या असतात, तेव्हा त्या मुलांशी कुठल्या आवाजात बोलतात ते ऐका. टीव्ही चालू आहे का? किती मुलांमागे किती माणसं, आणि त्यातल्या एक ताई आल्या नाहीत तर कोण? घरगुती पाळणाघर असेल तर काकूंच्या घरातले बाकीचे लोक दिवसभर कुठे असतात, दाराला लॅच आहे का, खिडकीला जाळी आहे का, गॅस मुलांच्या खोलीपासून किती लांब. मुलाला न्यायला कोण येऊ शकतं त्याची लिस्ट ठेवतात का? ताप आलेलं मूल घेत नाहीत ना? घेत नसतील तर ती चांगली खूण आहे, आत्ता गैरसोय वाटेल पण उद्या दुसऱ्याचं तापलेलं मूल तुमच्या बाळाशेजारी झोपायला नको. दिवाळी, गणपती, मे महिना, किती दिवस बंद असतं? साडेसातनंतर जादा पैसे किती? ह्यातलं काहीही विचारायला लाजू नका, नीट चालवणाऱ्या काकूंना हे प्रश्न आवडतात, ज्या चिडतात तिथून निघून या.

मग सुरुवात, जॉइनिंगच्या निदान तीन आठवडे आधी. पहिले काही दिवस तासभर आणि तुम्ही बाजूच्या खोलीत, मग दोन तास तुम्ही बाहेर, मग एक जेवण तिथे, मग एक झोप तिथे, शेवटच्या आठवड्यात पूर्ण दिवस. पूर्ण दिवसाच्या त्या आठवड्यात तुम्ही घरी झोपा, केस कापून या, ऑफिसचे कपडे होतायत का बघा (होणार नाहीत, दोन नवे घ्या). सोडताना गुपचूप सटकू नका, टाटा करून जा, रडलं तरी.

दूध

दुधाचं थोडक्यात सांगते, कारण डॉक्टर किंवा लॅक्टेशनवाल्या ताई जास्त चांगलं सांगतील. पंपिंग तीन-चार आठवडे आधी सुरू करा. काढलेलं दूध २५ डिग्रीपर्यंतच्या खोलीत ४ तास टिकतं, पण एप्रिल-मेमधे आपल्या खोल्या २५ च्या किती वर असतात ते माहितीये ना, तेव्हा सरळ फ्रिजमधे, दारात नको, आतल्या बाजूला, ४ दिवस. डीप फ्रीजरमधे सहाएक महिने, तारीख लिहून, छोट्या छोट्या पिशव्यांत. वितळवलेलं परत गोठवायचं नाही, मायक्रोवेव्ह नाही, गरम पाण्यात भांडं ठेवून कोमट करायचं. ऑफिसातून आणायला आइस पॅकवाली इन्सुलेटेड बॅग, लोकलचे दीड-दोन तास आरामात निघतात. बाळ बाटली घेत नसेल तर घाबरू नका, वाटी-चमचा किंवा आपलं बोंडलं आहेच, धुवायलाही सोपं. फक्त हे पाजायचं काम तुम्ही सोडून बाकी कोणीतरी करून बघायला हवं, तुमच्या हातून ते घेणारच नाही, त्याला खरा माल कुठे आहे ते माहीत असतं.

ऑफिसला काय आणि कसं बोलायचं

जॉइनिंगच्या महिनाभर आधी बॉसला फोन आणि फोननंतर त्याच दिवशी मेल. मेल महत्त्वाचा, कारण बॉस बदलतात.

मेलमधे हे असू द्या: जॉइन व्हायची तारीख (बुधवार-गुरुवार निवडा, पहिला आठवडा दोन-तीन दिवसांतच संपतो), त्याच रोलवर परत येताय हे स्पष्ट वाक्यात, बाळ १५ महिन्यांचं होईपर्यंत दिवसातून दोन नर्सिंग ब्रेक मिळतात ते कुठल्या वेळेला घेणार, आणि पंपिंगला दार बंद होणारी जागा कुठली. टॉयलेट ही जागा नव्हे, एखादी छोटी मीटिंग रूम रोज त्या वेळेला बुक करून मागा. ५० किंवा जास्त माणसं असतील तर पाळणाघराची सोय करणं कंपनीवर कायद्याने बंधनकारक आहे आणि आईला दिवसातून चारदा तिथे जाता येतं. प्रत्यक्षात बऱ्याच ठिकाणी ती सोय कागदावरच असते, पण काही कंपन्या बाहेरच्या पाळणाघराशी टाय-अप करतात किंवा फीचा काही भाग देतात, आणि विचारलं नाही तर कोणी आपणहून सांगत नाही. रजेनंतर घरून कामाची परवानगी दोघांच्या संमतीने देता येते असंही कायद्यात आहे, हक्क म्हणून नाही, म्हणून "घरून काम द्या" एवढंच म्हणण्यापेक्षा "मंगळवार-शुक्रवार घरून, तीन महिने, मग बघू" असं ठोस मागा. ठोस मागणीला हो म्हणणं सोपं जातं.

आता खरी भानगड. सगळ्यात जास्त नुकसान दुष्ट बॉस करत नाही, चांगला बॉस करतो. तुम्ही परत येता आणि तो काळजीनी म्हणतो, "तुला आत्ता त्रास नको म्हणून तो क्लायंट मी अमक्याला दिला." त्यामागे खरंच चांगुलपणा असतो, आणि वर्षभरानी अप्रेजलला तुमच्याकडे दाखवायला काही नसतं. म्हणून पहिल्याच आठवड्यात त्याच्यासोबत अर्धा तास बसा आणि सांगा की मला काय झेपतं ते मी ठरवेन, तुम्ही विचारा. कामं दोन ढिगांत टाका. जी दिसतात, ज्यांच्यावर प्रमोशन ठरतं, ती एक-दोन ठेवा आणि नीट करा. जी सगळ्यांची म्हणून बायकांकडे येतात, पार्टीची वर्गणी, मिनिट्स लिहिणं, नव्या मुलीला सगळं समजावणं, ती सोडा. रजेच्या वर्षाचं रेटिंग कसं देणार तेही विचारा, काम केलेल्या महिन्यांवर द्या असं म्हणा, न विचारता "ॲव्हरेज" मिळतं आणि पुढची दोन वर्षं ते मागे लागतं.

साडेसहाला निघताना सॉरी म्हणत निघू नका. सकाळीच ग्रुपवर टाका की मी ६.३० ला निघणार, रात्री ९.३० ला अर्धा तास परत ऑनलाइन असेन (असणार असाल तरच टाका).

"सगळा पगार पाळणाघरातच जातो"

हे वाक्य तुम्हाला ऐकवलं जाईलच, म्हणून हिशोब करून ठेवा. पहिली गोष्ट, पाळणाघराची फी फक्त आईच्या पगारातून का वजा करायची? मूल दोघांचं, तर दोघांच्या बेरजेतून करा. दुसरं, हातात येतो तेवढाच पगार नसतो. बेसिक ३०,००० असेल आणि पीएफ पूर्ण बेसिकवर कापत असतील तर पीएफचे तुमचे ३,६०० आणि कंपनीचे ३,६०० (त्यातला काही भाग पेन्शनकडे जातो) असे महिन्याला ७,२०० कुठेतरी जमा होतायत, वर कंपनीचा मेडिक्लेम. कायम नोकरीत ग्रॅच्युइटीला ५ वर्षं सलग लागतात, तुमची चार झाली असतील तर आत्ता सोडणं म्हणजे हातची रक्कम टाकून देणं, आणि मॅटर्निटी लीव्हमुळे ती सलगता मोडत नाही. आणि पाळणाघराचा मोठा खर्च तीन-साडेतीन वर्षांचा, शाळा लागली की तो निम्म्यावर येतो, पगार मात्र तेवढ्यात वाढलेला असतो. ब्रेक घेतलेल्या बाईला परत आल्यावर जुन्या पगारावरच, कधी त्याच्याही खालून सुरुवात करावी लागते.

एवढं करूनही नोकरी सोडावीशी वाटली तर जरूर सोडा, पण निदान चार-सहा महिने करून बघून. पहिल्या महिन्यात तर सगळ्यांनाच सोडावीशी वाटते. आणि डिलिव्हरीनंतर सारखं रडू येणं, बाळ झोपलं तरी झोप न लागणं, कशातच मन नसणं हे दोन आठवड्यांच्या पुढे चाललं तर तो नोकरीचा प्रश्न नाही, डॉक्टरला सांगा, किंवा टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, त्यावर मोफत बोलता येतं.

स्वयंपाक वगैरे

कापा. पोळ्यांना ताई लावा, नाहीतर पोळीभाजी केंद्र झिंदाबाद. लोकलमधे बसून मटार सोलणाऱ्या बाईचा फोटो दर थोड्या दिवसांनी फिरतो आणि खाली सगळे सलाम ठोकतात, मला तर तो बघून तिच्या घरी बाकीचे किती जण मोकळे बसलेत हेच आठवतं. त्या तासात झोपा.

पहिले सहा महिने आणि पुढचं

पाळणाघर सुरू झालं की बाळ आजारी पडणार, सर्दी, खोकला, जुलाब, परत सर्दी. तुमच्यामुळे नाही, चार मुलं एकत्र आली की होतंच. म्हणून जॉइन होताना सगळ्या रजा संपवून येऊ नका, सात-आठ दिवस शिल्लक हवेतच, बाबाचेही. एक बॅकअप माणूस ठरवून ठेवा, मावशी, आत्या, समोरच्या फ्लॅटमधल्या काकू, आणि बाळाची त्यांच्याशी आधीच ओळख असू द्या.

आउटस्टेशन टूर वर्षभर टाळली तरी चालते, पण त्यापुढे टाळत गेलात की नाव लिस्टमधूनच जातं. पहिली टूर एका रात्रीची मागून घ्या, शक्यतो पुणे-मुंबई इतक्या अंतराची. जाताना सूचनांची वही लिहून जाऊ नका, बाबानी जॉइनिंगच्या आधीच्या त्या सहा आठवड्यांपासून संध्याकाळ सांभाळली असेल तर त्याला लागत नाही. नाइट शिफ्टचं म्हणाल तर महाराष्ट्राच्या दुकाने-आस्थापना कायद्याप्रमाणे रात्री ९.३० ते सकाळी ७ मधे बाईला तिच्या संमतीशिवाय कामाला लावता येत नाही, आणि संमती दिली तर घरापर्यंत गाडीची जबाबदारी कंपनीची. सही करायच्या आधी तो कागद घरी आणून वाचा, आणि आधी दिली असेल तरी बाळ लहान असेपर्यंत ती मागे घेतेय असा मेल एचआरला टाका.